मधोमध मांडलेल्या तारखा

महिन्याच्या मोजणीत शून्य आलं म्हणून हुरळून जाऊ नको, असं सुभद्राबाईंनी तिला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. सुभद्राबाई म्हणजे अर्धापूरच्या बाजूची जुनी आशाताई. चार वस्त्या पायी तुडवायच्या, आणि बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. "बाई, शून्याचं लई कौतुक करून राहिलीस," त्या म्हणाल्या होत्या. "एक शून्य असतंय समदं चांगलं झालं म्हणून. अन् एक असतंय, कुणी बघायलाच गेलं न्हाई म्हणून. वरून दोन्ही सारखीच दिसतेत." अयोध्यानं तेव्हा मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, मावशी, तुमच्या वहीत तसं होत असेल. इथं मशीन आहे, त्याला चार अटी घालून दिल्यात, ते काही उन्हाचं कारण सांगून घरी बसत नाही. मग तिनं सुभद्राबाईंना चहा पाजला, त्या गेल्या, आणि ते बोलणं कपबशीबरोबर विसळून ठेवल्यासारखं झालं. त्यानंतर सात महिने दर महिन्याला शून्यच आलं. दर वेळी तिला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी अर्धापूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती ते शून्य मनात धरून जायची, घरी लेकीसाठी घेऊन जाण्यासारखी काही वस्तू असावी तसं.

आज, चोवीस फेब्रुवारीला, सकाळी अकराच्या सुमारास, नांदेडच्या वजिराबादेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, तिनं काहीतरी चाळा म्हणून स्वतःच्या लेकीला शीटमध्ये घातलं. खरं तर काम झालेलंच होतं. संस्थेचं काम साधं: नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांतली जी बाळं जन्मताना दोन किलोच्या आत भरली, त्यांच्याकडं पहिल्या बेचाळीस दिवसांत कुणीतरी जाऊन आलं की नाही ते बघायचं. गेलं नसेल तर पाठवायचं. एक बाळ, वजन कितीही असो, म्हणजे एक ओळ. ओळीत आईचं नाव, गाव, फोन, जन्मतारीख, वजन, आणि शेवटच्या रकान्यात भेटीची तारीख. मग मोजणीचं सूत्र घालायचं, काउंटइफ्स: वजन दोनच्या खाली, जन्म तेरा जानेवारीनंतरचा, आजच्या आधीचा, आणि भेटीचा रकाना रिकामा. या चारही अटींत जी ओळ बसेल तीच मोजायची. तीन अटी पुऱ्या करून चौथीला अडखळलेली ओळ मशीनच्या लेखी नसतेच. खाली एक आकडा येतो. अठराशे शेचाळीस ओळींखाली आज पुन्हा शून्य आलं होतं, आणि ऑफिस सांभाळणाऱ्या वैजनाथ सरांनी ते वर पाठवूनही दिलं होतं. आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला मोकळा वेळ होता, आणि सकाळपासून ठमी डोक्यातून हलत नव्हती. सात तारखेला ठमीला वर्ष पूर्ण झालं. जन्मली तेव्हा एक किलो नऊशे. म्हणून तिनं सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलं: आईचं नाव अयोध्या, गाव अर्धापूर, वजन १.९, जन्म ०७.०२, वर्ष तेवढं या सालचं केलं. भेट रिकामी. बघू, म्हणाली, माझी पोरगी कशी दिसते मोजताना. एंटर दाबलं. आकडा शून्यच राहिला.

ती आधी हसली. मग हसू ओठावर तसंच राहिलं. तिनं वजन पाहिलं, दोनच्या खाली. भेट पाहिली, रिकामी. तारीख पाहिली, तेरा जानेवारी आणि आज यांच्या बरोब्बर मध्ये. चारही अटी. तिच्या लेकीनं चारही अटी पुऱ्या केल्या होत्या आणि मशीन म्हणत होतं, अशी कुणी नाही. छातीत एकदम दूध दाटून आलं, चरचरत, ठमी इथून वीस किलोमीटरवर सासूबाईंच्या मांडीवर असताना, आणि तिनं ओढणी पुढं ओढली. हे असं तिला अजून व्हायचं. बसमध्ये दुसऱ्याचं मूल रडलं तरी व्हायचं. पण एका आकड्यानं दूध उतरावं हे पहिल्यांदाच. माझी मोजली नाही. मग आणखी कुणाकुणाची मोजली नाही? हा प्रश्न तिच्या मनात शब्दांत यायच्या आधी कानशिलांत आला, धडधड होऊन. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. कुलपात किल्ली अर्धी फिरल्यावर हाताला जे कळतं, तसलं काहीतरी होतं. ती खुर्ची ओढून पुढं सरकली. आता तिला कुणी चहा विचारला असता तर तिला ऐकू गेलं नसतं.

तारीखच असणार. तिनं त्याच शीटमधली हॉस्पिटलकडून तयार येणाऱ्या यादीतली एक ओळ शोधली आणि दोन तारखा एकाखाली एक ठेवल्या. एकीत मध्ये आडव्या रेघा होत्या. तिच्या लेकीच्या तारखेत टिंबं होती. टिंब, एवढंच. माहेरी, अहमदपूरच्या शाळेत गुरुजी रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायचे ती टिंबं देऊन, आणि टिंब देताना खडू असा टोचायचे की फळ्यावर खड्डा पडावा. आशाताई त्यांच्या रजिस्टरमध्ये तशीच लिहितात. तिचे वडील बी-बियाणांच्या पिशवीवर तशीच लिहितात. त्या पट्ट्यात तारीख म्हणजे टिंबं. पण हे कारण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं तिला आठवलं तेव्हा ती जागच्या जागी गरम झाली. नोकरी लागली तेव्हा ठमी पाच महिन्यांची होती. पहिले तीन महिने तिनं घरून काम केलं. आशाताई रजिस्टरच्या पानाचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या आणि ही डाव्या हातावर पोरगी घेऊन, पोरगी पीत असताना, उजव्या एका हातानं कीबोर्डच्या आकड्यांच्या पट्टीवर टाइप करायची. त्या पट्टीवर शून्याच्या अगदी शेजारी टिंब असतं. आडव्या रेघेसाठी हात वर उचलावा लागतो, हात उचलला की खांदा हलतो, खांदा हलला की ठमी तोंड सोडायची आणि रडायची. म्हणून टिंब. पोरगी झोपावी म्हणून टिंब. एक बोट, अंधाऱ्या खोलीत, आणि मग ते बोटाला लागूनच गेलं, ऑफिसात यायला लागल्यावरही. चारशे बारा ओळी तिच्या हातच्या होत्या. मशीनला टिंबवाली तारीख म्हणजे तारीख वाटतच नव्हती, नुसती अक्षरं वाटत होती, कुणाचं नाव असावं तशी. आणि नाव हे तेरा जानेवारीच्या आधीचं की नंतरचं, हे कोण सांगणार.

पण हे दिसलं कसं नाही सात महिने, हे तिला कळेना. तिला शिकवलं होतं ना. लातूरला कॉलेजात होती तेव्हा लॅबमधले सर म्हणायचे की मशीनला जे आकडा म्हणून समजतं ते सेलमध्ये उजवीकडं जाऊन उभं राहतं, आणि जे अक्षर म्हणून समजतं ते डावीकडं. बघितलं की कळलं पाहिजे. मग तिनं रकान्याकडं नीट पाहिलं. सगळ्या तारखा मधोमध होत्या. वैजनाथ सरांनी पहिल्याच दिवशी सगळी शीट मधोमध करून घेतली होती, वरचे साहेब आले तर नीटनेटकं दिसावं म्हणून. त्यांना फार आवडायचं ते. लग्नपत्रिकेसारखं, म्हणायचे. अयोध्यानं रकाना निवडला आणि मधोमधचं बटण काढलं. आणि ते तिनं पाहिलं. अठराशे तारखा एका झटक्यात दुभंगल्या, निम्म्याहून जास्त उजव्या भिंतीला, बाकीच्या डाव्या भिंतीला, मांडवात बायका-पुरुषांनी आपापल्या बाजू धराव्यात तसं. तिच्या तोंडातून चक्क आवाज निघाला. डावीकडच्या सगळ्या तिच्या. ती माउसनं खाली खाली जात राहिली आणि डावीकडच्या तारखा येत राहिल्या, तिच्या एका हाताच्या, ठमीच्या दुधाच्या वासाच्या.

इतकी घाई कधी कुणाला झाली नसेल. तिनं शोधा-आणि-बदला उघडलं, टिंबाच्या जागी आडवी रेघ म्हणून लिहिलं, आणि रकाना निवडायचा राहूनच गेला. सगळ्या शीटमधली सगळी टिंबं गेली. वजनांमधलीसुद्धा. एक किलो नऊशेची ठमी एकाएकी एक सप्टेंबर झाली. तिच्या वरचं बाळ एक ऑगस्ट, त्याच्या वरचं दोन मार्च. अठराशे बाळांची वजनं वर्षभरातल्या तारखा होऊन पडली, आणि अयोध्याला, खरं सांगायचं तर, हसू फुटलं, तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत. पलीकडच्या टेबलावरून वैजनाथ सरांनी मान वर केली. तिनं अनडू करून सगळं जिथल्या तिथं आणलं, या वेळी फक्त तारखांचा रकाना धरला, दोनदा तपासून धरला, आणि बदला म्हटलं. तारखा उजवीकडं सरकल्या. एकेक करून तिनं काही उघडून पाहिल्या, महिना आणि दिवस अदलाबदल तर नाही ना झाले, नव्हते झाले. आणि मग तिनं खाली पाहिलं. शून्याच्या जागी सात होते.

सात. तिला उठून उभं राहावंसं वाटलं आणि ती राहिली. सातातली एक ठमी. तिची ओळ आता काढायला हवी होती, कारण ठमी काही खरी त्या यादीतली नव्हती, ठमी वर्षाची झाली होती, भिंत धरून चालत होती, काल बापाच्या, लखनच्या, चपलेत पाय घालून पडली होती. तरी ती ओळ पुसताना तिचं बोट थांबलं. इतक्या उशिरा मोजली गेली आणि लगेच पुसायची. तिनं पुसली. सहा. सहा बाळं, दोन किलोच्या आतली, बेचाळीस दिवसांच्या आतली, ज्यांच्याकडं कुणी गेल्याची नोंद नव्हती. त्यांच्या मागं आधीच्या सगळ्या महिन्यांतली किती, हा विचार दारात येऊन उभा राहिला. तिनं त्याला थांब म्हटलं, तुझ्याकडं उद्या येते, तारखा मागं नेऊन तुझीही यादी काढते, पण ती लेकरं एव्हाना मोठी झाली असतील, ही सहा आत्ताची आहेत. आणि ती तशीच लॅपटॉप हातावर घेऊन सरांच्या टेबलाशी गेली.

वैजनाथ सर वाईट माणूस नव्हता. उदगीरकडचा, मुलींना मॅडम म्हणणारा, डब्यातली शेंगाचटणी सगळ्यांना वाढणारा. पण शून्य त्यानं पावणेअकराला पाठवलं होतं. त्यानं आधी सूत्र पाहिलं, मग रकाना पाहिला, मग खिडकीबाहेर पाहिलं. आज एकदम सहा म्हणून सांगितलं तर मागच्या सात महिन्यांचं विचारतील, म्हणाला, आणि ते कुणाच्या हातचं म्हणून विचारतील. करारावरच्या माणसाला ठेवायचं की नाही ते मार्चमध्येच ठरतं, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. तिला ठाऊकच होतं. तिला वाटलं होतं आपण घाबरू. पण छातीत अजून ती किल्ली फिरत होती आणि तिला दुसरं काही ऐकायला वेळ नव्हता. माझ्या हातचं म्हणून लिहा, सर, ती म्हणाली, माझ्याच हातचं आहे. फक्त आधी फोन करू द्या. त्यानं स्वतःचा फोन चार्जरवरून काढून हातात घेतला. "तीन तुम्ही करा, तीन मी करतो," म्हणाला. "अन् मॅडम, मधोमध मीच केलं होतं. तेबी लिहावं लागंल."

मग अर्धा तास कसा गेला ते तिला कळलं नाही. एका आजीनं नातवाचं रडणं फोनमध्ये ऐकवलं, ऐका, नरडं बघा त्याचं. हिमायतनगरच्या एका बाईनं सांगितलं की आशाताई चारदा येऊन गेली, आमच्या घरचीच आहे ती, पण लिहायचं विसरली असंल. सरांच्या यादीतल्या एकानं फोन उचलल्या उचलल्या विचारलं की कोणत्या लोनसाठी आहे, आणि बाळाचं नाव काढल्यावर एवढा पाघळला की त्याचं बारसं कसं झालं तेच सांगत बसला. सरांचे तीनही लागले, त्यातल्या एका बाळाला ताप होता आणि दोन दिवस घरातच निभावत होते. सरांनी तिथल्या नर्सला फोन लावला, पुन्हा लावला, आणि ती गाडीवर बसल्याचं ऐकेपर्यंत ठेवला नाही. अयोध्यानं टेबलावर हात आपटला. त्या सूत्रानंच एक बाई गाडीवर बसवली होती, आत्ता, या घटकेला, तिकडच्या रस्त्यावर ती चालली होती. पाच झाले. पाच ओळींसमोर तिनं तारखा घातल्या, कुणी जाऊन आल्याच्या किंवा आज निघाल्याच्या, आडव्या रेघा देऊन, हात उचलून. आकडा एकवर आला, आणि तो एक तिथंच थांबला.

सत्यशीला. गाव हिमायतनगर तालुक्यातलं, जन्म एकोणतीस जानेवारी, वजन एक किलो सहाशे. सव्वीस दिवस. फोन नवऱ्यानं उचलला. ती हितं न्हाई, म्हणाला, दवाखान्यातून तशीच माहेरी नेली तिच्या आईनं, अहमदपूरकडं, सव्वा महिना तिकडंच. नवऱ्याच्या गावच्या आशाताईला विचारलं तर ती म्हणाली, माहेरी गेली म्हणून मी नाव कापलं बाई, तिकडची बघंल. अयोध्याला हे नवं नव्हतं, तिच्या बाबतीतही हेच झालं होतं. बाळंतपणाला अर्धापूरहून अहमदपूरला गेली तेव्हा इकडच्यांनी तिला तिकडची म्हटलं आणि तिकडच्यांनी इकडची. नवऱ्याच्या गावच्या वहीत माहेरी गेलेली सून, माहेरच्या गावात पाहुणी. तिनं लातूरच्या ऑफिसात उज्वलाला फोन लावला. उज्वला तिची हॉस्टेलची सोबतीण, एका खोलीत तीन वर्षं काढलेली, लातूरच्या बाजूची शीट तिच्याकडं असायची. "बोला, शून्याच्या मालकीणबाई," उज्वला म्हणाली, आणि मग हिचा आवाज ऐकून, नाव सांग, म्हणाली. कीबोर्डचा आवाज आला. तिनं नावानं शोधलं, तारखेनं शोधलं, वजनानं शोधलं. सत्यशीला तिच्याकडं नव्हती. नोंद नांदेडची ना, म्हणून आमच्यात चढवलीच नाही कुणी. दोन शीट, दोन्हीत मिळून साडेतीन हजार ओळी, आणि हे एक किलो सहाशे दोन्हींच्या मधल्या बांधावर पडून होतं. उज्वलानं सत्यशीलेच्या माहेरच्या आशाताईला विचारून तिच्या आईचा नंबर मिळवला. आशाताई स्वतः दोन दिवस ट्रेनिंगला लातूरात होती. नंबर येईपर्यंत सात मिनिटं गेली. अयोध्या उभीच होती.

सत्यशीलेच्या आईचं नाव साखराबाई, आणि तिचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा. बाळ? बाळ लई ब्येस हाय, म्हणाली. परवाच पिठाच्या गिरणीवर नेऊन काट्यात धरलं, झबल्यासकट दोन किलो तीनशे. गिरणीवाल्यानं काट्यात आधी धुतलेलं फडकं घातलं, मग धरलं, तुम्ही काय बी म्हणू नका. अंगाला ऊब आहे, पितंय चांगलं, दिवसातून सात-आठदा लंगोट भिजतो. अयोध्या एकेक प्रश्न विचारत गेली आणि एकेक उत्तर बरोबर येत गेलं, आणि तिला आतून असं भरून आलं की तिनं सरांना अंगठा दाखवला, सरांनी दोन्ही हात जोडून वर पाहिलं. दोन किलो तीनशे. बांधावरचं बाळ आपलं आपण गिरणीवर जाऊन वाढून आलं होतं. आता फक्त तारीख घालायची, आकडा पुन्हा शून्य, आणि या वेळचं ते खरं. तिचा हात कीबोर्डवर गेलासुद्धा. आणि जाता जाता तिनं विचारलं, आईला द्या जरा फोन, बाळाच्या. हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता.

फोन दुसऱ्या हातात गेला. श्वास आला. सत्यशीला म्हणाली, हाव ताई. बाळ बरं हाय. मग प्रत्येक प्रश्नाला हाव. ते हाव असं होतं, जसं कुणी दारातून एक वस्तू देतं आणि दार ओढून घेतं. अयोध्या थांबली. मग म्हणाली, "आणि तू कशी आहेस गं?"

"मी हाय की."

"झोप लागते?"

मागं साखराबाई कुणाला तरी गिरणीचीच हकिकत सांगत होती. मग सत्यशीला हळू, अगदी व्यवस्थित म्हणाली, "बाळाला आईपाशी निजवते, ताई. माझ्यापाशी नको म्हणलं मीच. माझ्या हातून काही व्हायचं." आणि लगेच, "तुम्ही बाळाचंच लिहून घ्या." फोन परत साखराबाईकडं गेला, आणि साखराबाई म्हणाली, जरा नाजूक हाय मनानं, पहिलटकरीन हाय ना.

अयोध्या खाली बसली. तिला अहमदपूरची गच्ची आठवली, आठवली म्हणण्यापेक्षा ती गच्ची पायाखाली आली. दुपारचं ऊन, दोरीवर ठमीचे लंगोट, आणि ती लंगोट काढायला गेलेली, ठमी कडेवर. कठडा कमरेएवढा होता. तेव्हा तिच्या मनात आलं होतं ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, लखनला नाही, आईला नाही. आलं आणि गेलं, पापणी लवावी एवढंच, पण त्यानंतर ती गच्चीवर गेली नाही. लंगोट आई काढायची. आई म्हणायची, आळशी झाली पोरगी. दोन महिने ती रात्री ठमीचे श्वास मोजायची, एक ते शंभर, परत एक, आणि सगळे येऊन विचारायचे, बाळ कसंय, बाळ पितं का, बाळाचं वजन किती. तीही अभिमानानं सांगायची. मग ते आपोआप ओसरलं, कसं ते तिला अजून कळलेलं नाही. कुणी विचारलं असतं तर तिनंही हेच म्हटलं असतं, बाळाचंच लिहून घ्या.

तिनं लगेच साखराबाईला परत फोन लावला. या वेळी आवाज चढवून, ऑफिसातून बोलावं तसं बोलली. बाळाबद्दल काही नाही, म्हणाली, बाळ उत्तम आहे. आजपासून सत्यशीलेला एकटं ठेवू नका, एक घटकासुद्धा. तिला रागवू नका, हसू नका, भूतबाधा म्हणू नका. हे होतं. मला झालं होतं. शेवटचे दोन शब्द सरांच्या देखत तोंडून गेले आणि ऑफिस फार स्वच्छ ऐकू यायला लागलं, पंखा, खालच्या ऑटोंचे हॉर्न, सर. पलीकडं साखराबाईचा मोठा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुमाला बी?" ती म्हणाली. मग, "मला वाटलं आमचंच काही चुकलं." उज्वलानं नर्सला उद्या सकाळी पहिल्या गाडीनं पाठवायचं कबूल करून घेतलं, आणि डॉक्टरांशी आजच बोलते म्हणाली. उद्या सकाळी. अयोध्यानं शीट उघडली, भेटीच्या रकान्याच्या उजवीकडं गेली, आणि एक नवा रकाना घातला. वर लिहिलं: आई. सर म्हणाले, फॉरमॅटमध्ये बसत न्हाई हे, मॅडम. मग थोड्या वेळानं म्हणाले, राहू द्या. तिनं नव्या रकान्यातल्या रिकाम्या जागा मोजायला सांगितल्या. सूत्र चुकलं असेल असं वाटायला क्षणभरही जागा नव्हती. अठराशे शेचाळीस.

उद्या सकाळपर्यंत सोळा-सतरा तास आहेत. एकटं ठेवू नका म्हटलं तरी साखराबाई शेणापाण्याला, शेताला जाणार, शेजारीण बाळ बघायला येणार, बाळालाच बघून जाणार. अयोध्याला इथून उठून जाता येत नाही. सहाच्या आत ठमीपाशी पोचावं लागतं, आणि पोचल्यावर ठमी तिला सोडत नाही. अंगात अजून तेच वारं आहे, काहीतरी हाती लागल्याचं, आणि ते कुठं न्यावं तिला कळत नाही. म्हणून ती दिसेल त्याला सांगते आहे. खालच्या झेरॉक्सवाल्याला सांगितलं, त्याची सासुरवाडी तिकडची आहे. संध्याकाळी बसमध्ये शेजारी बसेल त्या अनोळखी बाईला सांगणार आहे. आणि हे वाचत असाल तर तुम्हालाही सांगते आहे. अहमदपूरहून नांदेडकडं येताना कधी डावीकडच्या फाट्याला उतरलात, किंवा तुमचं कुणी तिकडं असेल, तर आत जा. पिठाच्या गिरणीवर साखराबाईचं घर विचारा, कुणीही दाखवेल. बाळ बघायला आलो म्हणा, दुसरं काही म्हणू नका, बाळाला हातात घ्या, चांगलं भरलंय म्हणा. आणि मग बाळ आजीकडं देऊन आत जा, सत्यशीला चुलीपलीकडं बसलेली असेल, तिच्याशेजारी बसा. ती हाव म्हणेल. त्यावर उठू नका. ती जेवते का बघा, पूर्ण ताट होईपर्यंत बसा, आणि कशी आहे ते मला, अयोध्याला, कळवा.